मुदत संपलेल्या हक्कांचा रस्ता

अंबाजोगाई, परळी, पांगरी, सिरसाळा, तेलगाव. बीड जिल्ह्याच्या पूर्व भागातला हा रस्ता काळ्या रानातून जातो. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना सोयाबीन, दिवाळीच्या सुमारास फुटलेला कापूस, पुढे ज्वारी आणि ऊस. बाहेरगावचा माणूस इकडे येतो तो बहुतेक परळीच्या वैद्यनाथासाठी, आणि दर्शन झाले की माघारी फिरतो. यंत्रे आणि औषधे सामान्य माणसाच्या हाती कशी येतात हे ज्याला पाहायचे आहे, त्याने मात्र परळीला न थांबता पुढे सिरसाळ्याला आणि तिथून तेलगावला जावे. औष्णिक केंद्राची चिमणी, कारखान्याची कढई, ट्रॅक्टरची लिफ्ट, बोअरची मोटार, मेडिकलच्या फळीवरची तपकिरी बाटली. या रस्त्यावर दिसणाऱ्या अशा कितीतरी वस्तू एके काळी कुणा एकाच्या हक्काच्या होत्या.

पेटंटचा व्यवहार मुळात साधा आहे. शोध लावणाऱ्याने तो कसा चालतो हे जगाला पूर्णपणे उलगडून सांगायचे आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षे तो बनवण्या-विकण्याचा हक्क सरकारकडून मिळवायचा. भारतात आज ही मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षांची आहे. मुदत संपली की शोध साऱ्यांचा. आपल्याकडे असा कायदा पहिल्यांदा १८५६ साली झाला आणि पहिला अर्ज कोलकात्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी केला. शोध होता छताचा पंखा ओढणाऱ्या यंत्राचा. सिरसाळ्यासारख्या गावाच्या दृष्टीने या व्यवहारातली सर्वांत महत्त्वाची तारीख हक्क संपण्याची असते, हक्क मिळण्याची नसते. या रस्त्यावर ते पावलोपावली जाणवते.

सुरुवात अंबाजोगाईपासून करावी. इथले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ सालचे. आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख आहे. परळी, केज, धारूर या पट्ट्यात गावच्या दवाखान्याने हात टेकले की रुग्णाला जीपमध्ये घालून इथेच आणतात. आल्यावर पहिला कागद हाती पडतो तो बहुधा एक्स-रेचा. विल्हेल्म रंटगेन यांना ही किरणे १८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग इथे सापडली आणि त्यांनी त्यांचे पेटंट घेतले नाही. परिणाम असा की पुढच्या काही महिन्यांतच देशोदेशीचे डॉक्टर मोडलेली हाडे आणि शरीरात रुतलेल्या गोळ्या पाहू लागले. सीटी स्कॅनची वाट निराळी. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांचे हे यंत्र ईएमआय या कंपनीच्या पेटंटांखाली बाजारात आले. गाण्याच्या तबकड्यांमुळे जिचे नाव घरोघर माहीत होते, तीच ही कंपनी. १९७१ साली लंडनमध्ये त्यावर पहिला रुग्ण तपासला गेला. जिल्ह्याच्या गावांपर्यंत ते यायला मात्र कितीतरी वर्षे जावी लागली.

उन्हाळा संपता संपता आणि पहिल्या पावसात मराठवाड्यात विंचवाचे रुग्ण वाढतात. लाल विंचू चावला की पूर्वी नातेवाईक निम्मी आशा सोडूनच दवाखान्यात येत. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर कोकणात महाडला सरकारी नोकरीत होते, तेव्हा त्यांनी या रुग्णांच्या उशाशी रात्री काढून विषाचा हृदयावर होणारा परिणाम टिपला. प्राझोसिन हे फायझर कंपनीचे रक्तदाबावरचे औषध. ते या विषावर चालेल, हे बावस्करांनी दाखवून दिले. गंभीर रुग्णांतले मृत्यू शेकड्याला चाळीसच्या आसपास होते, ते एकाच्या घरात आले. औषधाचा रेणू कंपनीचा होता, उपचार महाडच्या दवाखान्यातून निघालेला. माणसावर उपचार करण्याच्या पद्धतीला भारतीय कायदा पेटंट देत नाही. कलम ३(आय) तसे स्पष्ट सांगते. ते कलम नसते तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला विंचवाच्या रुग्णाला गोळी देण्याआधी परवाना शोधावा लागला असता. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. गोळी आजही काही रुपयांतच मिळते.

अंबाजोगाईचे पठार सोडून रस्ता खाली परळीला येतो. वैद्यनाथ म्हणजे वैद्यांचा स्वामी. इथली कथा अशी: समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी दोन्ही विष्णूने या लिंगात लपवले. दैत्य हात लावायला गेले तेव्हा ज्वाळा उठल्या आणि भक्तांनी स्पर्श केला तेव्हा अमृतधारा वाहिल्या. म्हणून इथे लिंगाला हात लावून दर्शन घेण्याची रीत आहे. औषध दडवून ठेवायचे की सर्वांच्या हाती द्यायचे, हा प्रश्न परळीच्या पुराणातही आहे.

गावाबाहेर आले की औष्णिक केंद्र लपत नाही. १९७१ साली प्रत्येकी ३० मेगावॅटचे दोन संच इथे सुरू झाले, पुढे २१० मेगावॅटचे, मग २५० चे. जुने संच बंद पडले आणि २५० मेगावॅटचे तीन उरले. केंद्राला पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून येते. २०१३ च्या दुष्काळात ते पाणीच आटले आणि परळीची वीज थांबली. कोळसा होता, यंत्रे होती, पण वाफ करायला पाणी नव्हते. मराठवाड्याला यंत्रयुग समजावून सांगायला याहून वेगळा धडा लागत नाही.

आतल्या झोतयंत्राचा मूळ पुरुष चार्ल्स पार्सन्स. त्यांनी १८८४ साली पेटंट घेतलेले पहिले यंत्र साडेसात किलोवॅटचे होते आणि मिनिटाला १८ हजार फेरे घेई. वाफ एका झटक्यात सोडून न देता पात्यांच्या ओळींमागून ओळींवर थोडी थोडी पसरू द्यायची, ही त्यांची युक्ती. परळीतले भले मोठे चक्रही त्याच तत्त्वावर फिरते. वाफेच्या जगात हक्क कसा अडसर ठरतो याचे उदाहरण याहून जुने आहे. जेम्स वॉट यांनी १७६९ साली वेगळ्या संघनकाचे पेटंट घेतले आणि १७७५ साली ब्रिटिश संसदेकडून ते १८०० पर्यंत वाढवून घेतले. तेवढा काळ इंग्लंडमधले इतर कारागीर सुधारलेले इंजिन करायला धजले की कोर्टात खेचले जात. मुदत संपली आणि दोनच वर्षांत रिचर्ड ट्रेविथिक यांच्या उच्च दाबाच्या इंजिनाला पेटंट मिळाले. पुढे रुळांवर धावलेल्या पहिल्या गाड्या त्याच वाटेने आल्या.

परळीच्या केंद्रात पाहण्यासारखी खरी वस्तू चिमणीच्या अलीकडे आहे. आपल्या कोळशात शेकडा तीस ते चाळीस राख असते. ती सगळी चिमणीतून बाहेर गेली असती तर परळीत माणसाला श्वास घेता आला नसता. धूर चिमणीकडे जाण्याआधी त्याला उंच धातूच्या पत्र्यांमधून नेतात. पत्र्यांच्या मधोमध तारा असतात आणि तारांवर हजारो व्होल्टचा दाब. राखेच्या कणांवर विद्युतभार चढतो, कण पत्र्याकडे ओढले जाऊन त्याला चिकटतात आणि हातोड्यांच्या ठोक्यांनी खाली कोठारात पडतात. शंभरातले नव्याण्णव कण इथेच अडतात. ही युक्ती फ्रेडरिक कॉट्रेल यांची. ते कॅलिफोर्निया विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवत. १९०८ साली त्यांना पेटंट मिळाले आणि धुराने गांजलेले कारखानदार त्यांच्या दाराशी आले. कॉट्रेल यांना त्या पैशावर आयुष्यभर बसून खाता आले असते. त्यांनी पेटंटेच देऊन टाकली. त्या उत्पन्नावर १९१२ साली ‘रिसर्च कॉर्पोरेशन’ ही संस्था उभी राहिली. शोधांच्या हक्कातून आलेला पैसा पुन्हा नव्या संशोधनाला द्यायचा, एवढेच तिचे काम.

याच संस्थेकडे पुढे एका औषधाचे हक्क आले. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य प्रयोगशाळेतल्या एलिझाबेथ हेझन मातीचे नमुने तपासत आणि रेचल ब्राउन त्यांतले रसायन वेगळे करत. १९५० साली दोघींनी बुरशीवरचे नायस्टॅटिन जाहीर केले, १९५७ साली त्याचे पेटंट मिळाले आणि दोघींनी आपले सारे मानधन रिसर्च कॉर्पोरेशनकडे आणि आपण स्थापलेल्या निधीकडे वळवले. ती रक्कम १ कोटी ३० लाख डॉलरच्या वर गेली. धूर गाळणाऱ्या पत्र्यांनी उभी केलेली संस्था तान्ह्या मुलांच्या तोंडातल्या बुरशीच्या औषधालाही कामी आली. परळीची राख अंगावर घेणाऱ्या गावांनी कॉट्रेल यांचे नाव ऐकलेले नाही. ते त्यांना शाळेत सांगितले गेले पाहिजे.

अडवलेली राख परळीच्या बाहेर पडते ती ट्रकांतून. केंद्र सरकारने १९९९ साली औष्णिक केंद्रांच्या परिसरातल्या विटांत ही राख वापरणे बंधनकारक केले, आणि परळी-सिरसाळा पट्ट्यात वीटभट्ट्या वाढल्या. राख वाहणाऱ्या उघड्या गाड्या, रस्त्यावर उडणारी धूळ आणि त्या धंद्यातले अर्थकारण यांवर जिल्ह्यात बरेच वाद झाले आहेत. प्रवाशाला दिसते ते एवढेच, की परळीहून सिरसाळ्याकडे जाताना रस्त्याकडेच्या बाभळींची पाने करडी असतात. भट्टीत न भाजता राख, चुना आणि जिप्सम यांपासून वीट पाडण्याची ‘फॅल-जी’ ही पद्धत विशाखापट्टणमच्या भानुमतीदास आणि कालिदास यांनी शोधून पेटंट केली. तीत जळण लागत नाही आणि वरची सुपीक मातीही खरवडावी लागत नाही. या पट्ट्याला खरी गरज अशा विटेची आहे.

परळी-बीड रस्त्यावर पांगरी लागते. सहकारातून उभा राहिलेला वैद्यनाथ साखर कारखाना इथला. साखर कारखाना बाहेरून सगळीकडे सारखाच दिसतो: ट्रॅक्टरांची रांग, काट्यावरची घाई, मळीचा वास. आत मात्र दोन पेटंटांचा संसार चालतो. पहिले इंग्लंडच्या एडवर्ड हॉवर्ड यांचे, १८१२-१३ सालचे. रस उघड्या कढईत उकळला की करपतो, हे गुऱ्हाळावर काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. हॉवर्ड यांनी कढई बंद केली, आतली हवा काढून घेतली आणि कमी दाबात रस कमी तापमानाला उकळवला. साखर काळवंडायची थांबली.

दुसरे पेटंट नॉर्बर्ट रिलियो यांचे. त्यांचा जन्म १८०६ साली न्यू ऑर्लिन्सचा. वडील गोरे, आई कृष्णवर्णीय पण गुलामीबाहेरची. रिलियो पॅरिसला शिकले, तिथे शिकवू लागले आणि वाफेच्या शास्त्रात मुरले. त्या काळी लुइझियानात गुलाम उकळता रस पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतत, भाजत, मरत. रिलियो यांनी भांडी बंद करून एकमेकांना जोडली. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. प्रत्येक पुढच्या भांड्यात दाब आधीच्याहून कमी, म्हणून रस कमी उष्णतेतही उकळतो. चुलीशेजारच्या वैलावर जशी उरलेल्या आचेत डाळ शिजते, तशी ही योजना. १८४३ आणि १८४६ अशी त्यांची दोन पेटंटे. जळणाची बचत इतकी झाली की मळेवाल्यांनी रांगा लावल्या. ज्याच्या यंत्रावर ते श्रीमंत झाले, त्याला मात्र त्वचेच्या रंगामुळे त्यांच्या पंगतीला बसता येत नव्हते. रिलियो अखेर पॅरिसला परतले आणि १८९४ साली तिथेच वारले. आज पांगरीत, तेलगावात, जगातल्या जवळजवळ प्रत्येक साखर कारखान्यात रस आटतो तो त्यांच्या पद्धतीने.

रिलियो निदान स्वतंत्र होते. मिसिसिपीतल्या नेड नावाच्या गुलामाने कापसाच्या रानात चालवायचे एक अवजार केले होते. १८५७ साली त्याचा मालक पेटंट मागायला गेला, तेव्हा उत्तर मिळाले की गुलाम नागरिक नाही, म्हणून त्याला पेटंट नाही आणि मालकाने शोध लावलेला नाही, म्हणून त्यालाही नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या महान्यायवादीने यावर शिक्कामोर्तब केले. कापसाच्या रानात घाम गाळणाऱ्या जिल्ह्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे.

परळीपासून वीसेक किलोमीटरवर सिरसाळा. आजूबाजूच्या गावांचा बाजार, दवाखाना, बँक, पोलीस ठाणे सारे इथे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कृषी सेवा केंद्रे, हार्डवेअर, मोटार रिवाइंडिंग, वेल्डिंग आणि मेडिकल. हार्डवेअरच्या दारातली काटेरी तार म्हणजे इलिनॉयचा शेतकरी जोसेफ ग्लिडन याचे १८७४ सालचे पेटंट. रिवाइंडिंगवाला तांब्याची तार गुंडाळत असतो ती मोटार निकोला टेस्ला यांच्या १८८८ सालच्या पेटंटांची लेक. ट्रॅक्टरच्या मागे नांगर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र ज्या तीन दांड्यांना अडकवतात, ती जोडणी आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांची, १९२६ सालची. फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी १९३८ साली नुसत्या हस्तांदोलनावर करार केला. फोर्डच्या नातवाने तो मोडला, फर्ग्युसन कोर्टात गेले आणि १९५२ साली साडेब्याण्णव लाख डॉलरवर तडजोड झाली. आज ही जोडणी कुठल्याही रंगाच्या ट्रॅक्टरला असते आणि सिरसाळ्यातला वेल्डर तिच्यावर बसेल असे अवजार स्वतः तयार करून देतो.

वेल्डिंगच्या दुकानापाशी थांबायला हवे. कंपनीचे पेरणीयंत्र आमच्या रानाला चालत नाही, फण जवळ घे, बियाण्याची पेटी उंच कर, असे सांगत शेतकरी येतो. वेल्डर खडूने जमिनीवर आकृती काढतो, कटर चालवतो आणि संध्याकाळपर्यंत यंत्र बदललेले असते. पुढच्या हंगामात शेजारच्या गावचा माणूस तसेच मागतो. यातल्या बहुतेक सुधारणा पेटंटच्या कसोटीला उतरणार नाहीत, पण काही नक्की उतरतील. त्या कुणी नोंदवून ठेवत नाही, ही या गावाची खरी हानी आहे.

आता मेडिकल. मधुमेहाचे इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवलेले असते. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी त्याचा हक्क १९२३ साली टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला दिला. सिरसाळ्यातल्या रक्तदाबाच्या गोळीची पट्टी मात्र वेगळ्या कारणाने स्वस्त आहे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली अहवाल दिला आणि त्यावर बेतलेला पेटंट कायदा १९७० साली संसदेने केला. तो १९७२ साली लागू झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, फक्त ते बनवण्याच्या रीतीवर, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षे. तोच रेणू दुसऱ्या रीतीने बनवायला भारतीय कंपन्या मोकळ्या झाल्या. जागतिक व्यापार संघटनेतल्या करारामुळे २००५ पासून रेणूवरही २० वर्षांचे पेटंट द्यावे लागले. तेव्हा संसदेने कलम ३(डी) घालून ठेवले: जुन्याच औषधाचे नवे रूप आणले आणि गुण वाढला नाही, तर नवे पेटंट मिळणार नाही. रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेकचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी याच कलमावर फेटाळला.

त्याआधी ९ मार्च २०१२ रोजी मुंबईतून आणखी एक निकाल निघाला होता. बायर कंपनीचे नेक्साव्हर हे यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचे औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडत होते. पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि किंमत महिन्याला ८,८८० रुपयांवर आणली. बायरला त्यावर मानधन मिळत राहिले. जिथे शेतकरी मुलाच्या उपचारासाठी रान गहाण टाकतो, तिथे या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे दोन-चार एकर जमीन.

क्षयरोगाची गोष्ट तर जास्तच जवळची. बेडाक्विलिन ही दाद न देणाऱ्या क्षयावरची गोळी. ती नव्हती तेव्हा रुग्णांना महिनोन्महिने अशी इंजेक्शने घ्यावी लागत की कित्येकांचे कान गेले. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोघी क्षयातून वाचल्या, पण ऐकू येणे गमावून. मूळ पेटंट २०२३ च्या जुलैत संपणार होते. जॉन्सन अँड जॉन्सनने गोळीतल्या क्षारावर दुसरे पेटंट मागून मुदत २०२७ पर्यंत न्यायचा प्रयत्न केला. दोघींनी मुंबईच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली आणि २३ मार्च २०२३ रोजी कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. सरकारी दवाखान्यातून रुग्णाच्या हाती पडणाऱ्या गोळीमागे या दोन मुलींचा लढा आहे.

हळदीचा लढा मराठी वाचकाला ठाऊक आहे, तरी इथून वसमतची हळदीची बाजारपेठ लांब नाही, म्हणून त्याचा उल्लेख हवाच. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक होते. ३२ जुने आधार जोडून त्यांनी ते पेटंट १९९७ साली रद्द करून घेतले. आजीच्या डब्यातले औषध परत मिळवायलाही कागद लागतो, तोही जुना, हे तेव्हा देशाला कळले.

त्याच मेडिकलमधली तपकिरी बाटली पोव्हिडोन आयोडीनची. आयोडीनवरून शंकर आबाजी भिसे यांची आठवण होणे भाग आहे, कारण औषध आणि कारखान्याचे यंत्र या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभा राहिलेला त्यांच्यासारखा दुसरा मराठी संशोधक नाही. जन्म मुंबईचा, १८६७ चा. छपाईचे खिळे पाडणाऱ्या यंत्राने ते लंडनमध्ये गाजले. त्यांचा ‘भिसोटाइप’ मिनिटाला १,२०० खिळे पाडी असे नोंदलेले आहे. दादाभाई नौरोजींनी त्यांच्यासाठी भांडवल उभे करायची खटपट केली, पुढे सर रतन टाटांनी पाठबळ दिले. तरी इंग्लंडमध्ये धंदा उभा राहिला नाही आणि १९१६ साली भिसे अमेरिकेला गेले. त्याआधी मुंबईत तापाने आजारी असताना आयोडीनच्या एका औषधाने त्यांना बरे वाटले होते. त्यातून त्यांनी स्वतःचे औषध घडवले, आधी ‘बेसलीन’, मग ‘ॲटोमिडीन’. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये ते वारले. दोनशेच्या आसपास शोध आणि चाळीसेक पेटंटे त्यांच्या नावावर सांगितली जातात. शोध मराठी माणसाचा, यंत्र उभे करणारा पैसा मात्र परका किंवा नाहीच, हा अडथळा त्यांना जन्मभर नडला.

सिरसाळ्याहून तेलगावकडे निघाले की दुसऱ्या साखर कारखान्याची चिमणी दिसते, आणि या रस्त्यावरचे ते एक अवजार आठवते ज्याला कुणाचे पेटंट नाही: कोयता. दसरा झाला की या भागातली खेडी रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि जोडप्यालाच ‘कोयता’ म्हणतात. कमरेत वाकून तोडणी, डोक्यावर मोळी, शिडीने ट्रकवर चढणे. वाफेची, रसाची, साखरेची प्रत्येक पायरी दोनशे वर्षांत यंत्राने बदलली. तोडणीवाल्या बाईचे वाकणे तसेच राहिले. ऑस्ट्रेलियात बुंदाबर्गच्या तोफ्ट बंधूंनी ऊस तोडणारी अजस्र यंत्रे केली आणि तशी यंत्रे आता महाराष्ट्रातही दिसतात. किंमत कोटीच्या घरात, म्हणून सरकारने ३५ लाखांपर्यंत अनुदान दिले. पण त्यांना सऱ्यांत चार-पाच फुटांचे अंतर आणि लांबलचक रान लागते. वाटण्या होऊन उरलेल्या एकर-दीड एकराच्या तुकड्यात ते यंत्र वळतच नाही.

या कष्टाची किंमत बाईने शरीराने दिली आहे. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर २०१९ साली आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीत सुट्टी नाही, फडात आडोसा नाही, खाडा झाला की दंड. कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगानंतम यांनी सॅनिटरी पॅड बनवण्याचे स्वस्त यंत्र शोधले, त्याचे पेटंट घेतले आणि मोठ्या कंपन्यांना न विकता ते महिला बचत गटांना दिले. असे एकेक यंत्र सिरसाळ्यात, तेलगावात, कारखान्याच्या प्रत्येक तळावर असायला हवे. आणि त्याहून तातडीने हवे आहे लहान तुकड्यात फिरणारे, दोन माणसांनी ढकलायचे, वाकायला न लावणारे तोडणीयंत्र.

ते ज्याच्या हातून घडेल तो बहुधा एखादा वेल्डरच असेल. त्याने हे ध्यानात ठेवावे: अर्ज करण्याआधी यंत्र बाजारात विकले किंवा चारचौघांत मांडले, तर नावीन्य गेले आणि पेटंटही गेले. अर्धवट अवस्थेतही तात्पुरते वर्णन देऊन अर्ज करता येतो, मग पूर्ण वर्णनाला १२ महिने मिळतात. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आणि तपासणीचे ४,०००. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईत अँटॉप हिलच्या कार्यालयात जातात. कागद हिंदीत किंवा इंग्रजीत लागतात, मराठीत चालत नाहीत, आणि हा नियम बदलायला हवा. तोवर गांधीनगरच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा दरवाजा आहे. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलच्या चाकापासून केलेले ‘कृषिराजा’ हे कोळपे याच प्रतिष्ठानने देशासमोर आणले. तिथे कारागिराने आपल्या भाषेत पाठवलेले वर्णन स्वीकारतात आणि पेटंटचा अर्ज करायचा ठरला तर त्याचा खर्चही प्रतिष्ठान उचलते.